पहिला नारळ कुणाचा?

कुंभिवलीत इंदूबाईंच्या अंगणात दसऱ्याला टेंपो, डंपर आणि दोन फटफट्या झेंडूच्या माळा घालून ओळीनं उभ्या राहतात. पहिला नारळ फोडायचा मान घरातल्या सगळ्यात लांबवर गाडी मारणाऱ्याचा. तीस वर्षं तो मान इंदूबाईंच्या धाकट्या दिराचा, धाकलूचा. यंदा इंदूबाईंनी नारळ उचलला तो थेट नातीच्या, ऋतिकाच्या हातात ठेवला. पोरगी विमान चालवते. इंदूबाईंची शाळा दुसरीतच सुटली, पण एवढं एक वाक्य त्या खालापूरच्या बाजारात भेंडीचा भाव विचारायच्या आधी ऐकवतात.

“वैनी, हिची गाडी कुठं हाय?” धाकलूनं मिशीवर हात फिरवला.

“तुमच्या अंगणात मावत नाय, भावजी.”

सगळे हसले. धाकलू सोडून. “कुठनं कुठं नेतेस गं?”

“कोल्हापूर ते नागपूर, आजोबा. सातशे किलोमीटर. दीड तास.”

“सातशे?” आता धाकलू हसला. “कोल्हापूरचा गूळ घेऊन नागपूरला गेलोय मी. गाडीचा मीटर आठशेच्या वर गेला होता. आणि दीड तासात तर मिरज सुटत नाय! वैनी, पोरगी थापा मारते.”

नारळ गेला तर गेला, पण नात खोटी ठरली तर बाजारात तोंड कुठं दाखवायचं? इंदूबाईंनी मान वर केली. समोर डोंगर उभा होता.

“भावजी, खंडाळ्याचे दिवे खोपोलीतनं दिसतात ना?”

“दिसतात की.”

“मंग तुमचा टेंपो तिथं किती वेळात जातो?”

“घाट हाय. अर्धा तास तरी.”

“तेच सांगते. वळणं तुमाला. आभाळात घाट कुणी बांधलाय?”

धाकलू हटतो कसला! “बरं, सातशे तर सातशे. माझे आठशे. मंग लांब कोण गेलं? नारळ माझा!”

बाप्यांनी टाळ्या पिटल्या. इंदूबाई नातीकडे वळल्या.

“पोरी, नागपूरला मुक्काम करतेस?”

“नाही गं आजी. त्याच दिवशी परत.”

“ऐकलंत? एका दिसात चौदाशे झाले, तुमचा तेवढ्यात नुसता जायचा रस्ताबी सरत नाय. आणि पोरगी संध्याकाळच्या चहाला मोकळी. तुमी परत आल्यावर दोन दिस पाय चोळत पडला होता, ते मी सांगू का तुमीच सांगता?”

धाकलूनं हात जोडले. “फोड बाय, फोड.”

पण ऋतिकानं नारळ लगेच फोडला नाही. ती टेंपोभोवती फिरली, वाकून एकेका चाकावर हात फिरवत. “उडायच्या आधी अशी फेरी घ्यावीच लागते,” म्हणाली. मागच्या चाकाशी थांबली.

“आजोबा, इथं खिळा शिरलाय.”

धाकलू उकिडवा बसला, बोटानं चाचपून बघितलं. दुपारी याच टेंपोतून घरातली बाया-पोरं घेऊन तो कर्जतला निघणार होता. उठला आणि स्वतः जॅक घेऊन आला.

चाक बदललं, ऋतिकानं नारळ एका फटक्यात फोडला. खोबऱ्याचा पहिला तुकडा इंदूबाईंनी दिराच्या हातावर ठेवला.

“घ्या भावजी. हरलेल्याला गोडच द्यावं.”