डावीकडची भिंत

"गाडी घसरली की गुण मिळतात? मग उद्या पोरं भरलेली व्हॅन घसरवून दाखवते. देता का गुण?"

आईच्या या प्रश्नावर एकही मुलगा हसला नाही. दोघे टीव्हीसमोर उभे राहून भांडत होते. थोरल्याच्या हातात निळी डबी, धाकट्याच्या हातात लाल. दोन्हींत गाड्या पळवायच्या गेम. भांडण एवढंच, की आईची परीक्षा कुठल्या गेमवर घ्यायची.

हो, परीक्षा! अर्धं आयुष्य शाळेची व्हॅन चालवलेल्या बाईची. मागच्या आठवड्यात शाळेच्या फाटकाशी व्हॅनचा डावा आरसा फुटला, दाराला लांबलचक ओरखडा गेला. वॉचमनने पाण्याचं पिंप सरकवून ठेवलं, असं म्हणून आईने त्याला चारचौघांत फाडून खाल्लं होतं. पण मुलांना ते पटलं नाही. थोरल्याने तोडगा काढला. गेमवर तीन फेऱ्या न धडकता मारल्या तर किल्ली आईकडे, नाहीतर व्हॅन विकायची. आईची कानशिलं तापली. पण नाही म्हणावं तर म्हातारी घाबरली म्हणायला हे मोकळे.

"निळी लाव, सोपी आहे," थोरला म्हणाला.

"सोपी कसली, कार्टून आहे ते! हँडब्रेक ओढला की गाडी भोवऱ्यासारखी फिरते. टायरवर वजनच येत नाही. लालमध्ये बघ, ब्रेक मारला की वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होऊन सुटतात. टायर तापला की पकडसुद्धा बदलते."

"आणि वळणावर गाडी आडवी घसरवत न्यायचा ड्रिफ्ट? तुझ्या लालमध्ये दोन सेकंद धरता येत नाही. गाडी लगेच उलट तोंडाने उभी."

"खऱ्या गाडीत तसंच होतं!"

"तू कधी केलंयस खऱ्या गाडीत?"

धाकटा लाल डबी उघडू लागला.

"जन्मात एक पंक्चर काढलं नाही आणि टायरवर प्रवचनं झोडताहेत," आई म्हणाली. "लावा काय लावायचं ते."

जेवणाच्या टेबलाला धाकट्याने खेळातलं स्टिअरिंग आवळलं होतं, खाली पायाशी ब्रेक. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला थोरली सून मटार सोलत बसली होती.

आधी निळी. वळण दिसताच आईने नेहमीसारखा आधीच वेग कमी केला. मागच्या गाड्यांनी तिला ठोसे मारून मातीत घातलं.

"आई, हँडब्रेक ओढ! शेपूट फेक!"

"तुझीच फेकीन. ही काय गाडी आहे? साबणाची वडी आहे. अरे, गाडी हाताला नंतर कळते, आधी बुडाला कळते. या खुर्चीत बसून बुडाला काय कळणार, डोंबल? काढ ती."

मग लाल. इथे मात्र स्टिअरिंग हातात जड झालं, वळणावर ओढ घेऊ लागलं. ओल्या रस्त्यावर गाडीचा मागचा भाग सुटला. आईने ब्रेकला पाय लावला नाही. मागचा भाग जिकडे चालला तिकडेच चाक अलगद फिरवलं आणि वाट पाहिली. गाडी सरळ झाली.

"बघितलंस? हीच खरी!" धाकटा ओरडला. आईसुद्धा क्षणभर आपला राग विसरली.

आणि पुढच्या सरळ, मोकळ्या रस्त्यावर गाडी डावीकडच्या भिंतीवर आपटली.

दुसऱ्या फेरीत तेच. तिसरीत तर डावी बाजू भिंतीला घासत घासत गेली.

"तुझ्या गेमचं फिजिक्सच गंडलंय," थोरला म्हणाला.

"गेमला काय झालंय? टीव्ही तिरका लावलायस तू!"

दोघे पुन्हा जुंपले. आईने चष्मा पदराने पुसून परत लावला. घाम पुसायच्या निमित्ताने उजवा डोळा तळव्याने झाकला. टीव्ही पिठाचा हात फिरवलेल्या काचेमागे गेला. डावा झाकला, सगळं लख्ख. पुन्हा उजवा झाकला. पुन्हा पीठ.

फाटकाजवळचं पिंप जागचं हललंच नव्हतं. आणि तो वॉचमन मान खाली घालून सगळं ऐकत उभा राहिला होता.

समोर सुनेचे हात मटारात थांबले होते. आईने तिच्याकडे असं पाहिलं, की ते पुन्हा चालू लागले.

आई उठली. कमरेची किल्ली काढली. थोरल्याने हात पुढे केला. "राग मानू नकोस आई. गिऱ्हाईक चांगलं आहे, मी बोलून ठेव..."

"हात खाली घे! आईची परीक्षा व्हायच्या आधीच गिऱ्हाईक शोधलंस होय रे? व्हॅन विकली जाणार नाही." किल्ली तिने मटारांच्या ताटात टाकली. "तू चालव गं. तुला मी शिकवलंय, लायसन आहे तुझ्याकडे. या दोघांना घसरण्याचं भारी कौतुक. पोरं त्यांच्या हातात द्यायची नाहीत."

"पण आई, तुम्ही?"

"मला काय धाड भरलीय? मी आहे ना!"

सकाळी शाळेच्या फाटकाशी व्हॅन थांबली. व्हॅनमधल्या पोरांच्याही आधी आई उतरली आणि तरातरा वॉचमनपुढे गेली. "पिंप जागेवरच होतं," ती म्हणाली. भांडायला आल्यासारखी म्हणाली, आणि तो काही बोलायच्या आत वळली.

दुपारी मुलांना घरी सोडताना मागच्या बाकावरच्या चिमुरडीने विचारलं, "मावशी, तुम्ही आज तिकडे का बसलात?"

"डावीकडे बघायला कुणीतरी नको? गप बस, डबा सांडेल."

सून गाडी चांगली चालवत होती. आईला खोट काढायला जागा सापडत नव्हती. वळण आलं की आईचा उजवा पाय मात्र समोरच्या पत्र्यावर दाबला जात होता. तिथे ब्रेक नव्हता.