पाच स्विच आणि हळदकुंकू

विमानाचा दरवाजा टेम्पोतून अंबरनाथला येतो, हे वृंदाच्या सासरी अजून कोणाला पटत नसे. पण आनंदनगरातल्या विष्णुपंतांच्या कारखान्यात पंख्याच्या छोट्या विमानांचे दरवाजे कित्येक वर्षं दुरुस्तीला येत होते. एक दांडा, एक आकडा, आणि आकडा बसला का ते बघायला बोटभर काच. तक्रार कधी नाही.

चौऱ्याण्णव साली त्याच विमानाची सुधारित आवृत्ती आली. काच गेली. तिच्या जागी पाच नाजूक स्विच, त्यांच्या तारा गोळा करणारा एक डबा आणि वैमानिकासमोर लाल दिवा.

दसऱ्याला दुरुस्त होऊन गेलेल्या एका दरवाज्याचा दिवा काही विझेना. दरवाजा घट्ट बंद, दिवा म्हणे उघडा! विमान जागचं हलेना. विमान कंपनीने डबा तीनदा पाठवला. कारखान्यात विजेचं काम बघणाऱ्या वृंदाने तीनदा तपासला. डबा निर्दोष.

"शनिवारपर्यंत कारण लिहून द्या," विष्णुपंत म्हणाले. "नाहीतर हे काम बंगळूरला जाणार आणि तुमचं टेबल पॅकिंगवाल्यांना."

वृंदाने अख्खा दरवाजाच मागवला आणि पहिला स्विच उघडला. आत तांबूस, तेलकट लगदा. दुसऱ्यातही तेच. तिने वास घेतला. हळद!

"गोमा, हे कोणी केलं?"

बारवी धरणाकडचा म्हातारा फिटर गोमा हसला. "तुमीच की, बाई! खंडेनवमीच्या पूजेला. आमी आपलं दांड्याला एक बोट लावायचो. तुमी म्हनल्या, पाची नवे हायेत, एकालापन वाईट वाटाया नको."

वृंदाला आधी हसू आलं, मग पॅकिंगवाले आठवले. तरी तिने लिहिलं: 'कारण हळदकुंकू व तेल. लावणारी मी.'

"अहो, 'धूळ' लिहा!" विष्णुपंत कळवळले.

"धूळ लिहिली तर ते गाळणी बसवतील. मग गाळणी बिघडेल."

शनिवारी कंपनीच्या गुरुदत्त इंजिनिअरांचा फोन आला.

"मॅडम, कुंकू? खरंच?"

"खरंच."

फोन बंद झाला. विष्णुपंतांनी कपाळाला हात लावला. पंधरा मिनिटांनी पुन्हा घंटा वाजली.

"आमच्याकडेही पूजा झाली होती," गुरुदत्त हसत होते. "आणखी तीन दिवे विझत नाहीयेत. एक स्विच आत्ता उघडला. लालेलाल! तिन्ही दरवाजे पाठवतो. तुम्हीच करा."

"मंग पुढल्या दसऱ्याला कसं?" गोमाने विचारलं.

"टेम्पोला लावू," वृंदा म्हणाली आणि टेबल खिडकीजवळ ओढू लागली.