तिसऱ्या सिलिंडरचा ताप

मित्रांनो, मी एक जुना इंजिन मॉनिटर आहे आणि मी रागात आहे.

सोलापूरच्या एका वैमानिक प्रशिक्षण संस्थेच्या चार सिलिंडरांच्या छोट्या विमानात मी बसवलेला आहे. प्रत्येक सिलिंडरचे डोके किती तापले, त्यातून निघणारा धूर किती तापला, हे पडद्यावर दाखवायचे आणि धोका दिसला की लाल दिवा लावायचा, हे माझे काम. नवा होतो तेव्हा पाहुण्यांना मुद्दाम आणून मला दाखवत.

या उन्हाळ्यात तिसऱ्या सिलिंडरचा धूर बाकीच्यांपेक्षा जास्त तापू लागला. त्याला इंधन कमी पडत होते. मी दिवा लावला. मेकॅनिक शरणप्पा मुख्य प्रशिक्षक उदयसिंह यांच्याकडे गेला.

"सर, तिसऱ्याचा इंधन सोडणारा नोझल उघडून बघू द्या की. लई तापतंय."

"तो डबाच बिघडलाय. विमान उभं ठेवायला वेळ कुणाला आहे?"

त्यांनी माझ्या दिव्यावर काळी पट्टी चिकटवली. अठरा दिवस मी तिच्याखाली पेटत होतो आणि हे खुशाल पोरांना वर पाठवत होते!

एकोणिसाव्या दिवशी सकाळी शिकाऊ वैमानिक ऋतुजा एकटी निघाली. उजनीकाठच्या केळीवाल्या शेतकऱ्याची ही मुलगी. धरणाच्या पाण्यावर आली आणि तिसऱ्याचे डोके भराभर तापू लागले, धुराचा आकडा मात्र उतरू लागला. म्हणजे आत इंधन वेळेआधीच पेटत होते. असे चालू राहिले तर काही मिनिटांत पिस्टन वितळतो. इंजिनाचा आवाज अजून नेहमीसारखाच होता.

ऋतुजाने पडदा पाहिला. नखाने पट्टी ओरबाडली.

"आकडा उड्या मारत न्हाय, सरळ चढतोय," ती स्वतःशीच म्हणाली. "हे खरं हाय."

तिने इंजिनाचा जोर कमी केला, इंधन पूर्ण वाढवले. अडीचशे अंशांवर आकडा थबकला. मग हळूहळू उतरला. तशीच कमी जोरावर ती सोलापूरला परतली.

"घाबरलीस, दुसरं काय!" उदयसिंह ओरडले.

शरणप्पाने तिथेच इंजिन उघडले. नोझलच्या तोंडात कचरा अडकला होता, पिस्टनची कड वितळू लागली होती.

"आणिक थोडा वेळ गेला असता तर ही पोरगी पाण्यात पडली असती, सर. मी सांगितलं होतं की!"

उदयसिंहांचा चेहरा उतरला. "त्या डब्यातली नोंद पुसून टाक," ते हळूच म्हणाले.

ऋतुजाने माझे मेमरी कार्ड काढून मुठीत धरले. "पुसायची न्हाय. अठरा दिवसांत आमी सात जण ह्यात उडालो. सातांच्या घरी दाखवणार हाय मी."

तिने दाखवले. पालक आले, चौकशी बसली, उदयसिंहांचे काम काढून घेतले. आता संस्थेत माझे पुन्हा कौतुक चालते. कुणीतरी परवा हारही घातला. मला त्याची चीड येते.

मित्रांनो, यंत्रावर आंधळा विश्वास ठेवा असे मी म्हणत नाही. मी खोटा वाटलो तर उघडा, तपासा. चुकलो असेन तर खुशाल भंगारात टाका, हूं की चूं करणार नाही. पण तपासल्याशिवाय कुणाच्या लेकराला आकाशात पाठवू नका.