पुढच्याची जागा

मल्हार जगात मोठा झाल्याची बातमी गावात आली ती उसाच्या ट्रॅक्टरवर बसून. कुंडलच्या कारखान्याला ऊस घालायला निघालेले ट्रॅक्टर आमच्या फाट्यावरून दणदणत जातात, आणि ड्रायव्हरच्या मागे लावलेले कर्णे त्याहून जास्त दणदणतात. त्या हंगामात जो तो ट्रॅक्टर एकच गाणं वाजवत होता, आणि तेही स्पॅनिश. एकाही ड्रायव्हरला त्यातला शब्द कळत नव्हता. पण खाली दम असलेला ठेका होता, आणि दोन ट्रॉल्या ऊस ओढताना माणसाला ठेका पुरतो.

आप्पासो फाट्यावर मेंढरं अडवून उभा होता. ट्रॅक्टर पुढून गेला आणि त्याच्या हातातली काठी तशीच राहिली. गाणाऱ्याने एक सूर वर नेला, तिथे जरासा खरखरला आणि पुढे झटक्यात सोडून दिला. असा सूर सोडणारा माणूस आप्पासोला एकच ठाऊक होता.

"ह्यो मल्हार हाय," तो मेंढरांना म्हणाला, कारण दुसरं कुणी जवळ नव्हतं.

मल्हार आणि आप्पासो सख्खे चुलतभाऊ. विट्याच्या पूर्वेला, जिथे पाऊस वाट चुकल्यासारखा येतो, तिथलं हे गाव. दोघांनी ओवी शिकली ती कोंडीबा म्हाताऱ्याच्या पायाशी बसून. धनगरी ओवीला दोघं लागतात. पुढचा ओळ टाकतो आणि थांबतो. मग मागचा, ज्याला झीलकरी म्हणतात, तो त्या ओळीला शेपूट जोडतो आणि लांब ओढतो, तेवढ्यात पुढच्याला श्वास मिळतो आणि पुढची ओळ सुचते. मल्हार पुढचा, आप्पासो झीलकरी. हे कुणी ठरवलं नव्हतं. मल्हार जन्मल्यापासून पुढेच होता.

कोंडीबाचा एक दंडक होता आणि तो त्याने दोघांच्या कानाला धरून शिकवला होता. "पुढच्यानं जागा सोडायची, मागच्यानं भरायची. झीलकऱ्यानं आपण होऊन तोंड उघडायचं न्हाई. पुढचा नसला तर गप घरला जायचं." म्हातारा गेला, पण दंडक मागे राहिला.

मल्हार कराडला हॉटेलचा कोर्स करायला गेला आणि तिथून मोठ्या प्रवासी जहाजावर भांडी धुवायच्या कामाला लागला. जाताना तो आप्पासोला म्हणाला होता, "दोन वर्सं गड्या. मग हायेच आपलं." आता आठ झाली होती. त्या आठ वर्षांत आप्पासो जत्रेत ढोल वाजवायचा, गजीच्या धनगरी नाचात रिंगणात उतरायचा, पण ओवीला बसला नाही. दुसऱ्या दोन-तीन गावच्या पुढच्यांनी त्याला बोलावून पाहिलं. तो म्हणायचा, घसा बसलाय. आठ वर्षं घसा बसत नाही हे त्यांनाही कळत होतं, पण माणसाचा मान ठेवावा म्हणून कुणी बोललं नाही.

जहाजावर काय घडलं ते गावाला मल्हारच्या बहिणीकडून, सोनियाकडून कळलं. ती विट्याला दवाखान्यात नर्स होती आणि फोनमधलं सगळं तिला समजायचं. जहाजाच्या भटारखान्यात रामोन नावाचा एक डोमिनिकन आचारी होता. तो काम करता करता पातेल्यावर ठेका धरायचा. मल्हारला तो ठेका गजीच्या ढोलाच्या भावकीतला वाटला. त्याने घासत असलेली परात उलटी केली आणि त्यात आपले दोन ठोके घातले. मग रामोन गायला लागला, मग मल्हार, आधी मराठीत, मग भांड्यांच्या वाफेत शिकलेल्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये. कुणीतरी ते फोनवर घेतलं. जहाज पोर्तो रिकोच्या बंदरात लागेपर्यंत ते तिथल्या पोरांच्या फोनात जाऊन बसलं होतं. पुढच्या खेपेला मल्हार जहाजावरून उतरला तो परत चढलाच नाही.

आधी बारमध्ये गायला, मग लग्नांत, मग दुसऱ्यांच्या गाण्यांत चार ओळी, मग स्वतःचं गाणं. तिकडे त्याला 'मालार' म्हणतात, कारण त्यांच्यात लिहिलेला 'ह' कुणी म्हणत नाही. आमच्याकडे तरी त्याच्या नावातला 'ह' कोण म्हणतंय, म्हणून गावाला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्याने केस पिवळे केले तेव्हा मात्र त्याच्या आईने, धोंडुबाईने, दोन दिवस सोनियाशी अबोला धरला, जणू रंग तिनेच लावला होता.

फोन आधी आठवड्याला यायचा, मग महिन्याला, मग सणाला. आप्पासोला एकटं वाटायचं, आणि ते त्याला कबूलही होतं. लग्न झालं नव्हतं, मेंढरांमागे फिरणाऱ्याला आता पोरगी कोण देतं. दिवसभर माळावर त्याच्या तोंडून निघणारे शब्द म्हणजे शिट्टी, हाळी आणि शिव्या. मल्हार परत आला की आपला गळा पुन्हा उघडेल, एवढीच एक गोष्ट त्याने पुढे धरली होती.

आणि एके दुपारी खुद्द मल्हारचा फोन आला.

"आप्पा, मला तुजा आवाज पायजे रं. नवं गाणं करतोय. आपली ती कोकराची ओवी म्हणून पाठव, फोनवरच."

"तू कवा येतोस?" आप्पासोने विचारलं.

"चैताच्या जत्रंला येतो. शप्पत. रिंगणात बसू दोघं."

आप्पासोने त्या दिवशी मेंढरं लवकर आवरली. अंघोळ केली, धुतलेला पटका बांधला, आणि सोनियाने शिकवलं तसं फोनवरचं लाल बटण दाबून तो टेकाडावर बसला. ओवी अशी होती, की धनगरांचा वाडा, म्हणजे माळावरचा मुक्काम, हलतो, कळप निघून जातो आणि एक कोकरू मागे राहतं. आप्पासोने डोळे मिटले. मनात मल्हारने ओळ टाकली, *वाडा हलला, कळप गेला, एक कोकरू मागं*. ती संपेपर्यंत आप्पासो गप्प बसला. मग त्याने झील ओढली, "थांबलं गा माळावरी..." पुन्हा गप्प. मनात पुढची ओळ. पुन्हा झील. अशी अकरा मिनिटं. दुसरं काही करावं हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. झीलकऱ्याकडे ओवी मागितली की तो झीलच देणार.

चार दिवसांनी सोनिया अवघडून घरी आली. "आप्पादा, मल्हारदादाचा मॅनेजर म्हणतोय रेकॉर्डिंग बिघडलंय. मधी मधी नुसतं रिकामं हाय म्हणं. वाराच ऐकू येतोय."

आप्पासो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. "बिघडलं न्हाई. त्या जागा मल्हारच्या हायत. त्याला सांग, तो भरंल."

सोनियाने तसं लिहिलं. पलीकडून अंगठा आला.

गाणं आलं ते फाल्गुनात. सोनियाने ओट्यावर फोन ठेवला, धोंडुबाई पदर सावरून बसली, आप्पासो उंबऱ्याशी. पहिल्यांदा ठेका. मग आप्पासोचाच आवाज. *थांबलं गा माळावरी, थांबलं गा माळावरी, थांबलं गा माळावरी.* एकाला एक चिकटवलेला, मध्ये बोट शिरायला जागा नाही. सगळ्या रिकाम्या जागा कापून काढल्या होत्या. वरून मल्हारचं भरधाव स्पॅनिश. चित्रात हिरव्या डोंगरावर गुबगुबीत पांढरी मेंढरं होती, ज्यांनी उभ्या आयुष्यात दुष्काळ बघितला नव्हता.

"तुजा आवाज लय भारी आलाय, आप्पादा," सोनिया म्हणाली. तिला खरंच आनंद झाला होता.

"व्हय," आप्पासो म्हणाला. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली त्याची ओळच त्यात नव्हती. पण कसलं दुःख झालंय हे सांगायचं कुणाला? जगाच्या पाठीवर पोरं त्याच्या झिलीवर नाचत होती. असल्या भाग्याबद्दल रडणाऱ्याला गावाने वेड्यात काढलं असतं. जत्रेला मल्हार येईल, रिंगणात बसेल, मग सगळं जागच्या जागी येईल, असं त्याने मनाला सांगितलं.

जत्रेला मल्हार आला नाही. दौरा लांबला होता. त्याच्याऐवजी देवळापुढे ट्रकवर मोठा पडदा आला. सरपंच लालासाहेबांनी साताऱ्याहून मागवला होता. मल्हार पडद्यावरून थेट बोलणार होता. फाट्यापासून देवळापर्यंत मल्हारचे फलक लागले होते, आणि एका फलकाच्या कोपऱ्यात, मतदान कार्डावरचा, आप्पासोचाही फोटो होता.

दिवस कलता कलता गजी थांबली. ढोल आणि कैताळांच्या झांजा शांत झाल्या. पडद्यावर मल्हार उमटला. तिकडे सकाळ होती. पांढरी खोली, पांढरी भिंत, पिवळे केस, आणि डोळ्यांखाली काळं. धोंडुबाई सगळ्यात पुढे उभी होती. पडदा एवढा मोठा होता की तिला लेकाची हनुवटी आणि तोंड आळीपाळीने बघावं लागत होतं.

"राम राम मंडळी," मल्हार म्हणाला. मग आईशी बोलला. मग म्हणाला, "आप्पा हाय का? आप्पा, ती कानावर ठिपका असलेली म्हातारी मेंढी हाय का रं अजून?"

"मेली रं. तीन वर्सं झाली."

मल्हार थोडा वेळ काही बोलला नाही. लालासाहेबांना वाटलं नेटवर्क गेलं, म्हणून ते वायर हलवायला धावले. आप्पासोला मात्र कळलं. त्या पांढऱ्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

"मल्हार," आप्पासो माइकपुढे जाऊन म्हणाला, "कोकराची ओवी धर. नुसती एक ओळ टाक. मी हाय मागं."

ढोलवाल्यांनी टिपऱ्या उचलून धरल्या. मल्हारने डावा हात कानावर ठेवला, अगदी कोंडीबाने शिकवला होता तसा. आप्पासोने श्वास भरून घेतला. आठ वर्षांचा श्वास होता तो.

"थांबलं गा माळावरी," मल्हारने सुरू केलं. "थांबलं गा माळावरी..."

आणि तो अडला. त्याचे ओठ हलले, पण पुढे काही येईना. त्याने पुन्हा तेच म्हटलं. जगभर मैदानांत त्याने हेच म्हटलं होतं, तेवढंच त्याच्या जिभेवर शिल्लक होतं. पडद्यावर त्याच्या डोळ्यांत भीती दिसली. शाळेत पाढा विसरला की तो असाच बघायचा, आणि मागच्या बाकावरून आप्पासो हळूच पुढचा आकडा सांगायचा.

रिंगणातल्या म्हाताऱ्यांनी माना वळवल्या. पुढच्याने झील धरली होती आणि पुढची ओळ कुणापाशीच नव्हती. अजून दोन क्षण गेले असते, तर धोंडुबाईलाही कळलं असतं.

आप्पासोने तोंड उघडलं.

"वाडा हलला, कळप गेला, एक कोकरू मागं..."

त्याचा आवाज सुरुवातीला फाटला. आयुष्यात त्याने पुढची ओळ मोठ्याने म्हटलेली नव्हती. पण ओळ संपली तिथे तो थांबला आणि जागा सोडली, आणि पडद्यावरून मल्हारने सुटल्यासारखी झील उचलली. ढोल पडला, कैताळ वाजले. आप्पासोने दुसरी ओळ टाकली, तिसरी टाकली, *माय गेली, बाप गेला, भाऊ तेवढा मागं*. मल्हारची झील लांबून, जरा उशिरा येत होती. ती पोचेपर्यंत रिंगण पुढे सरकलेलं असायचं. आप्पासो प्रत्येक वेळी तेवढा जास्त थांबला.

लोकांनी शिट्ट्या मारल्या. त्यांना वाटलं हे आधीच ठरलं होतं.

घरी जाताना धोंडुबाईने त्याला विचारलं, "इसरला व्हय रं माजा मल्हार?"

"न्हाई काकी. माजा मान ठेवला त्यानं. म्हणला, आज तू पुढं हो."

धोंडुबाईचा चेहरा उजळला. "गुणाचं हाय माजं लेकरू," ती म्हणाली. आप्पासो मान हलवत तिच्याबरोबर चालत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो मेंढरं घेऊन माळावर गेला. टेकाडावर बसला. आता घसा उघडलाच होता आणि दंडकही मोडून झाला होता. त्याने कानावर हात ठेवला आणि पुढची ओळ टाकली, मोकळ्या आवाजात, शेवटपर्यंत. मग जागा सोडून तो थांबला. खाली फाट्यावरून उसाचा शेवटचा ट्रॅक्टर गेला. त्याच्यावर आप्पासोचीच झील वाजत होती, एकाला एक चिकटलेली, कुणाचीच वाट न बघणारी. ती विरून जाईपर्यंत आप्पासो गप्प राहिला, आणि मग त्याने दुसरी ओळ म्हटली.