मानीबाईचा हुंकारा

"कोनाले खरं वाटनार नाही," खेमसिंगनं मांडीवर थाप मारून सुरुवात केली, "पन माह्या आज्याचा हिरा बैल एवढा मोठा होता, का एका शिंगावरचा कावळा दुसऱ्या शिंगावर जायले निंघाला, त मधात मुक्काम करे!"

"हूं," मानीबाई म्हणाली.

लग्न झाल्यापासून ती हेच म्हणत आली होती. तांड्यात गोष्ट सांगायची तर समोर हुंकारा देणारं माणूस लागतं. हुंकारा थांबला की गोष्टही अडते, चाक निखळलेल्या गाडीसारखी. खेमसिंगच्या गोष्टींना हुंकारा द्यायचं काम बायकोकडेच होतं. हात ज्वारी पाखडताहेत, तोंड हूं म्हणतंय. तिला त्यात खोटेपणा कधी वाटला नाही. पाहुण्याला पाणी द्यावं, तसा गोष्टीला हुंकारा द्यावा. पाणी दिलं म्हणजे पाहुणा गुणाचा, असं थोडंच ठरतं?

पण आज समोर नात बसली होती, मोबाइल चालू करून. उमरखेडच्या कॉलेजात शिकणारी अंजू यंदा तीजेच्या सणाला तांड्याचा इतिहास छापणार होती. फुलसावंगीच्या अलीकडे, या नाल्यावरच आपले लोक का थांबले, हा त्यातला पहिला मजकूर. तेवढाच राहिला होता आणि उद्या सकाळी छापखान्यात जायचा होता. पोरीचा एक नेम होता. प्रत्येक गोष्टीखाली सांगणाऱ्याचं नाव, आणि त्यानं ती कोणाकडून ऐकली त्याचंही. दुसऱ्या कोणी दुजोरा दिला नाही, तर खाली सरळ 'एकट्याचं सांगणं' असं लिहायची.

हे 'एकट्याचं सांगणं' खेमसिंगला मिरचीसारखं झोंबलं होतं.

"मंग आज्याची, फुलचंद नायकाची लदेणी आली," तो म्हणाला, "बैलाईच्या पाठीवर मिठाच्या गोन्या, अन् हिरा सगळ्याईच्या म्होरं. या नाल्यावर येऊन जो बसला, त उठेच ना! आज्यानं ओढलं, पुचकारलं, गूळ चारला. गूळ खाल्ला लेकानं, अन् पुन्हा बसला. मंग आजा म्हने, हिऱ्याची मर्जी असन त इथंच तांडा."

"हूं."

"दादा, हे तुम्हाला कोणी सांगितलं?" अंजूनं विचारलं.

"माह्या बापानं, शंकरसिंगनं."

"आणि त्यांना?"

"त्याले कोन सांगन? बैलानंच सांगतलं असन!" खेमसिंग उसळला. "अन् दुसरं नाव तुले कायले पाह्यजे? हे बसली ना साक्षीदार! इतके वर्सं हुंकारा देऊन राह्यली. खोटं असतं त देल्ला असता का? लिह्य, मानीबाईनं खुद्द बसंतीबाईच्या तोंडून हेच ऐकलं."

सूप थांबलं.

बसंतीबाई म्हणजे फुलचंद नायकाची बायको, खेमसिंगची आजी. मानीबाई नवी नवरी होऊन आली तेव्हा म्हातारीला डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं. तिची वेणी मानीबाई घालायची. एका दुपारी वेणी अर्धीच टाकून म्हातारी उठली, नाल्याकाठच्या मोहाच्या झाडाजवळ ने म्हणाली, आणि तिथं बसून तांडा का थांबला ते तिनं सांगितलं. त्यात बैल होते, पण बैलाएवढेच. मानीबाई ते कधी बोलली नव्हती. नायकाच्या घरची सून बैठकीत नवऱ्याची गोष्ट मोडत नाही. शिवाय तिला कोणी विचारलंही नव्हतं. दर तीजेला ती मोहाच्या बुडाशी तांब्याभर पाणी ओतून यायची, एवढंच.

"दादी, लिहू का?" अंजूनं मोबाइल तिच्याकडे सरकवला. "तुझं नाव राहील खाली. मागून कोणी वाचलं, तर तुझ्या शब्दावर विसंबून वाचेल."

मानीबाईनं सुपातला खडा वेचून बाजूला टाकला. हूं म्हटलं की नवऱ्याचा मान राहतो. इतके दिले, त्यात आणखी एक काय जड आहे? पण आजवरचे हूं वाऱ्यावर गेले होते. हा कागदावर बसणार होता, बसंतीबाईच्या नावासकट. जिनं हात घट्ट धरून सांगितलं, तिच्याच तोंडात बैल घालायचा?

"बोल ना, संजयची माय," खेमसिंग हसला, पण डोळे तिच्यावरून हलेनात. "हूं म्हन. आजच काहून मुकी झाली?"

"लबाड बोलून राह्यले तुमी!"

आवाज असा चढला, की ओसरीखालच्या कोंबड्या फडफडत पळाल्या.

"बैल नाही बसला. बसंतीबाई बसली. तापानं लेक गेली तिची. त्या मोहाखाली पुरली. सकाळी गोन्या लादल्या, नायकानं हाक मारली, त हे उठेच ना. म्हने, माही पोर इथं एकली कशी टाकून येऊ? मंग नायकानं आपल्या हातानं गोन्या उतरवल्या. लिह्य, अंजू. सांगनारी मानीबाई, तिले सांगनारी बसंतीबाई. तिसरं कोनी नाही, तेही लिह्य." सूप खाली ठेवून ती नवऱ्याकडे वळली. "आता तुमी म्हना हूं."