जेलच्या सतरंज्या

अंजनगावच्या जनपद शाळेत सुभद्रा झाडलोट करायची, पाणी भरायची आणि सकाळी मुलं यायच्या आत वर्गावर्गांतून सतरंज्या अंथरायची. ती पंजाबरावची बायको, आणि पंजाबराव अमरावतीच्या जेलात जन्मठेप भोगतोय, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. शेताच्या बांधावरून, धुऱ्यावरून झालेल्या भांडणात त्याच्या हातून चुलतभावाच्या डोक्यात कुऱ्हाडीचा दांडा बसला आणि भाऊ तिथंच गेला. लग्न होऊन तेव्हा पुरती दोन पिकंही हाती आली नव्हती. पुढं शेत दीर उत्तमराव वाहू लागला. तो माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या घरात बसून खाणं काही सुभद्राच्यानं झालं नाही. हेडमास्तर चिंतामण गुरुजींनी तिला शाळेत लावून घेतलं.

भेटीची परवानगी मिळाली की ती मोटारीनं अमरावतीला जायची. मध्ये जाळी, जाळीपलीकडे तो. सुरुवातीला दोघं नुसतीच एकमेकांकडे बघायची. वेळ संपली की शिपाई हाक मारायचा. मग एका भेटीत पंजाबराव आपणहून बोलला.

"मले मागावर बसवलं. सतरंज्या विनून राहिलो."

"कोनासाठी?"

"सरकारासाठी. कचेऱ्याईले जाते, शाळाईले जाते."

शाळा-कचेऱ्यांना सतरंज्या जेलातूनच घ्यायच्या, असा तेव्हा रिवाज होता. सुभद्रा रोज झटकत होती त्याही तिथल्याच. पण आजवर तिच्या ते मनातच आलं नव्हतं. तिनं विचारलं, "आमच्या शाळेत तुमची आली तं मले कसं समजन?"

तो पहिल्यांदाच थोडा हसला. "माह्या हातची लगेच ओळखू येते. डावा हात जोरात ओढते ना माहा, वखरावरची सवय. काठ तिकडं ओढला जाते. मुकादम रोज बोलते मले."

त्या उन्हाळ्यानंतर शाळेत नव्या सतरंज्यांचा गठ्ठा आला. सुभद्रानं एकेक उलगडून काठ पाहिला. निळ्या-तांबड्या पट्ट्यांची एक सतरंजी डाव्या अंगाला कलली होती. ती तिनं पहिलीच्या वर्गात घातली. शाळा सुटल्यावर सगळीकडे झाडू फिरवून झाला की ती तिथं जाऊन बसायची. काठावरून हात फिरवायची. सुताचा पीळ बोटांना लागायचा. बस, एवढंच. एकदा चिंतामण गुरुजी किल्ल्या घ्यायला आले आणि दारातच थांबले. काही न विचारता परत गेले. त्या दिवसापासून शाळेला कुलूप लावायचं काम त्यांनी तिच्यावरच सोपवलं.

पुढच्या वर्षीच्या गठ्ठ्यात दोन सापडल्या. त्याच्या पुढच्या वर्षी एकही नाही. तिनं पुन्हा पुन्हा पाहिल्या, उजेडात नेऊन पाहिल्या; सगळ्यांचे काठ सुतासारखे सरळ. तो आजारी तर नसेल? भेटीची तारीख येईपर्यंत तिला घास गोड लागला नाही.

जाळीपलीकडे पंजाबराव धडधाकट उभा होता.

"मागावर नाही बसवत का आता?"

"बसतो ना. मुकादम नव्या लोकाईले माहाच काठ दाखवते आता," तो म्हणाला. त्याच्या आवाजात अभिमान होता. त्याला असं बोलताना तिनं किती दिवसांत ऐकलं नव्हतं.

"मंग मले ओळखू येत नाही," ती हळूच म्हणाली.

त्यानंतर आलेल्या गठ्ठ्यात एक सतरंजी अशी वेडीवाकडी ओढलेली निघाली, की शिक्षकही हसले. सुभद्राला मात्र ती बघून रडू आलं. हे त्यानं मुद्दाम केलं होतं, तिच्यासाठी. पण भेटीला गेली तेव्हा कळलं, की माल बिघडवला म्हणून त्याच्या शिक्षेतली माफी कापली गेली होती. म्हणजे घरी येणं तेवढं लांबलं.

"असं काहून केलं तुमी?"

"तुले समजलं ना पन?"

"समजलं. आता सरळ विना. मले सतरंजी नोको, तुमी पाह्यजे."

तिनं ते म्हटलं खरं, पण परतीच्या मोटारीत तिला वाटत राहिलं, आपण आपल्याच हातानं एक दार लावून घेतलं. पुढच्या सतरंज्या सरळ आल्या. यातली त्याची कोणती, हे आता तिला कधीच कळणार नव्हतं. म्हणून ती सगळ्याच जपून झटकू लागली.

मग तालुक्याचा कारभार पाहणारं जनपद गेलं आणि जिल्हा परिषद आली. शाळेवरची पाटी बदलली. काही दिवसांनी चिंतामण गुरुजींनी तिला ऑफिसात बोलावलं.

"सुभद्राबाई, यंदापासून जेलच्या सतरंज्या येणार नाहीत. टेंडर निघालं होतं. ज्याचा दर कमी त्याला काम. अकोल्याच्या एका कंत्राटदाराला मिळालं. तो गिरणीचा माल पुरवणार. मी शब्द टाकून पाहिला, पण आता सगळीकडे हीच पद्धत येते आहे. आणि त्यांचं चुकतंय असंही मला म्हणता येत नाही."

सुभद्रा दाराची चौकट धरून उभी राहिली. "मंग तिथले माग, गुरुजी?"

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "ते मला माहीत नाही, बाई."

नव्या सतरंज्या आल्या. हिरव्या, गुळगुळीत, उचलायला हलक्या. मुलं खूश झाली. जुन्या जीर्ण म्हणून निकालात निघाल्या आणि त्यांची बैलबंडी भरून गेली. गुरुजी तिला म्हणाले, "एखादी ठेवून घ्या." तिनं नकारार्थी मान हलवली. उत्तमरावच्या घरात ती सतरंजी कोणाच्या तरी पायाखाली आली असती, आणि ते तिला बघवलं नसतं.

पुढच्या भेटीला पंजाबराव आला तो उन्हानं रापलेला. जेलला ऑर्डरी येईनाशा झाल्या, तसे बरेचसे माग बंद केले होते. त्याला बागेच्या कामावर घातलं होतं.

"तुमच्या शाळेत आता कोनत्या आल्या?" त्यानं विचारलं.

"गिरनीच्या."

"बऱ्या हायेत?"

तिला खोटं बोलवेना. "हलक्या हायेत. झटकाले सोप्या."

"हाताले चैन पडत नाही, सुभद्रा. रातच्याले झोपीतबी धागा ओढतो म्हनते बाजूचा." मग तिचा चेहरा पाहून तो म्हणाला, "वांगे लावले हायेत. चांगली जमीन हाये इकडची, काळी."

जाळीवर टेकवलेल्या त्याच्या बोटांकडे तिचं लक्ष गेलं. नखांत काळी माती होती. लग्नानंतरच्या त्या थोड्याशा दिवसांत तो सांजेला वावरातून यायचा तेव्हा असेच हात घेऊन यायचा, आणि अंगणात ती त्याच्या हातांवर पाणी घालायची. इतकी वर्षं ती त्या हातांच्या कामावरून हात फिरवत आली होती. आज खुद्द ते हात एवढ्या जवळ होते. तिनं बोट पुढं केलं. जाळीचं लोखंड थंड लागलं.

"नखं काढत जा," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला.

सुटकेला अजून बरीच वर्षं होती. शिपायानं हाक मारली. ती बाहेर आली, स्टँडवर उभी राहिली, आणि गाडी आली तशी अंजनगावला परतली. सकाळी शाळा होती.