गाडी किती इंच उचलायची

"चार इंच," गॅरेजचा मिस्त्री म्हणाला. "माझ्याकडे येणारा प्रत्येक जण चारच घेतो."

"त्यांना गाडीत पोटुशी बाई चढवायची नसते," सूनबाई म्हणाली. "दोन."

सूनबाई दवाखान्यात परिचारिका आहे. डोंगरावरच्या वस्तीतल्या दिवस भरलेल्या बायकांना ती आपल्या ट्रकमधून खाली आणते. वाटेत एका ठिकाणी दोन चाकोऱ्यांच्या मधोमध खडक वर आला आहे. गेल्या महिन्यात तिथे डिझेलची टाकी अडकली आणि एक बाई कळा सोसत दीड मैल चालली. ती सुखरूप सुटली, पण पुढच्या बाईला नशिबावर सोडायचं नाही, असं सूनबाईने ठरवलं. पुढच्या बाईला आता आठच दिवस उरले होते.

मोजमाप माझ्याकडे होतं. जन्म ग्रंथालयात गेला, गाडीतलं मला ओ की ठो कळत नाही. पण पट्टी लावता येते. खडक चौदा इंच, टाकी जमिनीपासून तेरा. दोन इंच उचलली की पंधरा.

"बाबा, वही दाखवा यांना."

वही उघडली आणि माझी चूक माझ्या लक्षात आली. टाकीचं माप मी घरच्या अंगणात घेतलं होतं. गप्प बसावं असं क्षणभर वाटलं. नाही तरी दोघांच्या मध्ये बोलताना मला आजही घाम फुटतो.

"मी गाडी रिकामी असताना मोजली," मी म्हणालो.

मिस्त्री हसला. "काका, उपाशी पैलवानाच्या मापाने सदरा शिवलात की. माणसं बसली की गाडीही खाली बसते."

"मग भरा आत्ताच," सूनबाई म्हणाली.

गॅरेजमधले सहा जण मागे चढून बसले. एक जण म्हणाला, "कुठे न्यायचंय आम्हाला, बाळंतपणाला?" मी गुडघे टेकून टाकीखाली पट्टी धरली. अकरा. खात्रीसाठी पुन्हा धरली. अकराच.

"दोन उचलली तर तेरा, टाकी घासणार," मी म्हणालो. "तीनने चौदा, नेमकी खडकाला टेकणार. चारच लागतील."

सूनबाई माझ्याकडे बघत राहिली. ती चिडली असं मला वाटलं.

"चार करा," ती मिस्त्रीला म्हणाली. "पण मागे दुमडणारी पायरी लावा. आणि ती मी पास करणार."

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रक उंच होऊन उभा होता. सूनबाईने वाळूची पिशवी पोटाला बांधली, वरून चादर गुंडाळली आणि चढायला लागली.

"पायरी दिसतच नाही. आणखी खाली."

मिस्त्रीने जोड कापला, पुन्हा लावला.

"अजून."

"ताई, जमिनीतच पुरू का?"

"टेकायच्या आत थांबा."

तिसऱ्या खेपेला तिचा पाय न बघता पायरीवर पडला. मिस्त्रीने घाम पुसला. "आता यावरून काकासुद्धा चढतील."

"चढा, बाबा."

मी चढलो. पाय पोचला, पण अंग वर ओढायला हाताशी काहीच नव्हतं. मी दाराची कड पकडली आणि ती निसटली. एरवी मी "माझंच वय झालं" म्हणून उतरलो असतो.

"इथे मूठ हवी," मी म्हणालो. "कळ आली तर बाई धरणार कशाला?"

मिस्त्रीने खिशातून खडू काढला आणि विचारलं, "हात कुठे गेला होता तुमचा? नीट दाखवा."